माणशी चौदा चौरस फूट

८ नोव्हेंबर, शुक्रवार

जहाजमालक! मी! गिरीशने मला जहाजमालक करून टाकलंय!

इथल्या, आखातातल्या मराठी मंडळाचं दिवाळी संमेलन या वर्षी ६ डिसेंबरला. दिवाळीत इस्तराहा मिळाला नाही. हॉल, हिरवळ, मुलांना घसरगुंडी असं सगळं एका रात्रीसाठी भाड्याने हवं तर दोन महिने आधी बोलून ठेवावं लागतं, हे आमच्या अध्यक्षांना, म्हणजे गिरीशलाच, दरवर्षी नव्याने कळतं.

नाटक नको म्हणे यंदा. नाटकात सगळे पाठांतर विसरतात. त्याऐवजी अभिरूप विधानसभा! विषय गिरीशच्याच डोक्यातला. पूर्वी अमेरिकेला स्थलांतरितांची जहाजं भरभरून जायची. तेव्हा तिकडच्या सभागृहात कडाक्याचं भांडण झालं होतं — एका प्रवाशाला जागा किती द्यायची? आमच्या बिलात माणशी चौदा चौरस फूट. दोन लहान मुलं मिळून एक माणूस. वर्षाच्या आतलं मूल मोजायचंच नाही.

बिल मांडणारे मंत्री — अशोक. माझा नवरा! आणि विरोधात जहाजमालक, म्हणजे मी. माणशी दहा फूट पुरे, असं मी सांगायचं. "वहिनी, तुम्ही डाएटिशियन. माणसाला कमीत कमी किती पुरतं ते तुमच्याइतकं कोणाला ठाऊक?" इति गिरीश. हॉस्पिटलात लोकांच्या पोळ्या मोजल्याचं हे फळ.

रात्री अशोककडे पुन्हा विषय काढला. बाबांना या हिवाळ्यात आणू या ना. दापोलीला एकटे असतात. आई जाऊन सहा वर्षं होतील. अशोक म्हणाला, "जागा बघायला हवी." बस. एवढंच.

१० नोव्हेंबर, रविवार

दोन खोल्या आणि हॉल. एक खोली आमची, एक लेकीची. अवनीच्या खोलीत अवनी, तिचं टेबल आणि अशोकचं ट्रेडमिल, ज्यावर आजवर फक्त कपडे वाळलेत. मी म्हटलं, बाबांना अशी किती जागा लागते? पीटी शिकवणारा माणूस. अजून सपाट पोट, सतरंजीवर झोपतात.

"माणूस म्हणजे बॅग नाही वीणा. कोंबायचं नसतं."

डोक्यात तिडीक गेली. माझे बाबा, आणि हा कोंबायची भाषा करतो! मग लक्षात आलं — अरे, हा तर मंत्र्यासारखाच बोलतोय! आणि मी आपोआप जहाजमालक झालेय. भूमिका वाटपात गिरीशची काहीच चूक नाही.

तरी राग आहेच.

१३ नोव्हेंबर, बुधवार

बाबांचा फोन. आवाज ठणठणीत. सकाळी घावन खाल्ले म्हणाले, नारळाच्या रसाबरोबर. मी म्हटलं, कोणी केले? बाबांना चहासुद्धा धड येत नाही. "होतात हो आता घरी." खोकल्याचा आवाज आला मागून. "कुमुदताई आल्यात समोरच्या. डास मारायची बॅट परत द्यायला."

कुमुदताई म्हणजे आमच्या आळीतल्या जुन्या नर्सबाई. लहानपणी त्यांची पिशवी दिसली की मी माडीवर लपायचे. आळीतल्या एकूणएक पोरांना त्यांनी टोचलंय.

मग बाबांनी एकदम विचारलं, "तुमची ती खोली केवढी आहे गं?"

"एका माणसाला ऐसपैस पुरेल बाबा!"

"एका. बरं." आणि मग, "बघू या."

हे 'बघू या' मला आवडलं नाही. उत्साहाने विचारलं होतं, मग एकदम फुगा फुटल्यासारखा आवाज. मी काय वावगं बोलले?

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

इस्मतकडे बिर्याणी आणि तालीम. इस्मत सभापती आहे. तिच्याइतका खणखणीत आवाज मंडळात दुसऱ्या कोणाचा नाही. दाभोळच्या खाडीवर एका काठावरून दुसऱ्या काठावर हाका मारून तयार झालेला. टेबलावर हातोडी म्हणून तिने खलबत्त्यातला बत्ता घेतलाय!

मी भाषण वाचून दाखवलं. मध्येच अडखळले. "अगो, इतका घाबरायचा काय त्यात? समोर तुझाच घोव आहे!" म्हणूनच तर!

तिचे सासरे हुसेनमियाँ १९७०च्या आसपास कधीतरी मुंबईहून बोटीने आखातात आले होते. उघड्या डेकवरचे प्रवासी. इस्मतने त्यांना तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. मी विचारलं, चाचा, जागा किती मिळाली होती? ते हसायलाच लागले. "जागा कुठली? ज्यानं चटई पहिली टाकली, त्याची जागा! मी चढलो उशिरा. एक राजापूरचा माणूस म्हणाला, ये रे, पाय जरा दुमडून घे. दोघं एका चटईवर आलो बघ." तो राजापूरवाला पुढे जन्मभराचा दोस्त झाला म्हणे.

मला जहाजमालकांच्या बाजूने याहून भारी मुद्दा कुठे मिळणार! लिहून घेतला. "पाय दुमडून घे" — हेच माझं भाषण.

१७ नोव्हेंबर, रविवार

अशोक बाथरूममध्ये भाषणाची तयारी करतो, नळ सोडून. मी दाराला कान लावून उभी. "ज्याची मोजदाद नाही, त्याला जागा नाही! सभापती महोदया —" मग अवनी आली आणि मोठ्याने म्हणाली, "ममा, व्हाय आर यू हगिंग द डोअर?"

२० नोव्हेंबर, बुधवार

आज फार मजा आली. लिहूनच झोपते.

अवनीने हट्ट धरला, चौदा फूट म्हणजे किती ते दाखवा. अशोकने सोफा सरकवला, मेझरिंग टेप काढला, निळ्या चिकटपट्टीने हॉलच्या फरशीवर चौकट आखली. सात फूट लांब, दोन फूट रुंद. शेजारी दुसरी. तिसरी. आमचं जहाज!

अवनी झोपली, तिच्या चौकटीत फुटबॉलही मावला. मग मी. हात अंगाशी घेतले तर बरोब्बर. मग मंत्रिमहोदय आडवे झाले — आणि पोट दोन्ही बाजूंनी सरहद्द ओलांडून बाहेर! मी म्हटलं, हे बघा, तुमच्याच कायद्यात तुम्ही बसत नाही! हसून हसून पोट दुखलं. "युअर एल्बो इज इन माय शिप, ममा!" मग मी कोपर अजून सरकवलं, तिने पाय टाकला, अशोकने लोळण घेतली आणि जहाज बुडालं.

बराच वेळ तसेच पडून होतो फरशीवर, तिघं. एसी बंद होता. नोव्हेंबरातली इथली हवा किती छान असते! अशोक छताकडे बघत म्हणाला, "दोघं असतील तर किती लागेल?"

"कोण दोघं?"

"असंच. बिलात."

चिकटपट्टी काढायची नाही असं अवनीने बजावलंय.

२३ नोव्हेंबर, शनिवार

अशोक सुधारला!!

मंडळातला सत्यजित फायनल एक्झिटवर चाललाय. कायमचा पुण्याला. इथली रीतच आहे, जाणाऱ्याचं घर राहणाऱ्यांनी वाटून घ्यायचं. कुकर एकीकडे, सोफा दुसरीकडे, कुंड्या तिसरीकडे. आमचा मिक्सर कोणा तिरुअनंतपुरमच्या बाईंचा होता, त्यांच्याकडे तो कुठून आला देव जाणे. तर आज अशोक सत्यजितकडे गेला आणि पलंग घेऊन आला! बाबांसाठी! मी काही न बोलता! आनंदाने उडीच मारली मी.

पण आणलाय डबल बेड. दारातून आत जाईना. आडवा, उभा, तिरका. तौकीर — इस्मतचा नवरा — मदतीला आला होता. "यल्ला, यल्ला, थोडा उजवीकडे!" शेवटी चारही पाय काढले. मी म्हटलं, एकट्या माणसाला हा एवढा कशाला? सिंगल नव्हता का? "फुकट मिळत होता," अशोक म्हणाला आणि घाईघाईने पाना शोधायला गेला. फुकट म्हटलं की नवऱ्याचा हा असा तोल जातो. असो! ट्रेडमिल तौकीरने नेलं. खलास! आता त्याच्याकडे कपडे वाळतील.

अवनीची गादी आणि टेबल हॉलच्या कोपऱ्यात. तिने निळ्या पट्टीने भोवती हद्द आखून आत 'नो एंट्री' लिहिलंय. तिचं म्हणणं, दोन मुलं मिळून एक माणूस असेल, तर ती एकटी आहे म्हणून तिला अर्धी जागा मिळते हे चालणार नाही. मंत्र्याची मुलगी!

२४ नोव्हेंबर, रविवार

नव्या पलंगावर दोन उशा. मी एक काढून कपाटात ठेवली. संध्याकाळी पाहते तर पुन्हा दोन. काय माणूस आहे!

२८ नोव्हेंबर, गुरुवार

बाबा येत नाहीत वाटतं.

पलंगाचा फोटो पाठवला होता. निळी दोरी छापलेली नवी चादर घालून. दिवसभर उत्तर नाही. संध्याकाळी मीच फोन केला. व्हिसाचं अशोकराव बघतायत ना, बघू या, थंडी पडू दे, आंब्यांना मोहोर कसा येतो ते बघू या. मोहोराचा आणि माझा काय संबंध! मी चिडून म्हटलं, बाबा, तुम्हाला यायचंय की नाही? म्हणाले, "यायचं आहे गं. फार यायचं आहे." आणि ठेवला.

यायचं आहे तर या की. मी रडले. डबा भरता भरता पण रडले. आई होती तेव्हा घरात कोणाला काही विचारायला लागायचं नाही. ती एकच वाक्य बोलायची आणि सगळ्यांचं सगळ्यांना कळायचं. ती गेल्यापासून बाबा आणि मी हवापाण्याचंच बोलतो. तिचं नाव निघालं की दोघंही विषय बदलतो. भीती वाटते. हे असंच चालू राहिलं तर एक दिवस हवापाणीही संपेल.

अशोकला विचारलं, तू काही बोललास का त्यांना जागेवरून? "मी? मी तर उलट —" आणि घोट घेतला चहाचा. उलट काय? "उलट म्हणजे... मी छानच बोललो."

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

इस्मत म्हणते, बापाला सरळ विचार काय अडलाय ते. तिला सोपं आहे. तिच्या घरात सगळे एकाच वेळी ओरडून बोलतात.

४ डिसेंबर, बुधवार

परवा! भाषण पाठ. अशोकचंही मला पाठ झालंय, नळाच्या आवाजासकट.

७ डिसेंबर, शनिवार

काल मी पक्ष बदलला. भर सभागृहात!

नीट लिहिते. इस्तराहा साठ-सत्तर माणसांचा. आली शंभराच्या वर! जुबैलवाल्यांनी पाहुणे आणले, रास तनुऱ्याहून तर चक्क बस करून आले. खुर्च्या संपल्या. भिंतीकडचे लोड संपले. मग लोक गालिच्यावर, मांडीला मांडी लावून. पोरं खिडक्यांच्या कठड्यावर. गिरीश घामाघूम — जेवण सत्तरांचं!

इस्मतने बत्ता आपटला. "सभागृह शांत! मागच्यांनी वडे खायचे बंद!"

मी उठले. समोरचा हॉल पाहिला आणि भाषणातली पहिली दोन पानं विसरूनच गेले. म्हटलं, "सभापती महोदया, मंत्र्यांचा कायदा आत्ता इथे लावा! माणशी चौदा चौरस फूट! अर्धं मंडळ पार्किंगमध्ये जाऊन बसेल! आणि मला सांगा, कोणाला जायचंय पार्किंगमध्ये?" असा हशा! मग हुसेनमियाँची चटई सांगितली. "जहाजात जागा नसते हो. शेजारी चांगला असावा लागतो. तो म्हणतो — ये रे, पाय जरा दुमडून घे!" टाळ्या थांबेनात. तौकीर उभा राहून शिट्ट्या मारत होता, त्याच्याच वडिलांची गोष्ट ना! मी जिंकल्यातच जमा होते.

मग अशोक. कागद खिशातच ठेवला. म्हणाला, जहाजमालकीणबाईंचं मला पटतं. चांगला शेजारी मिळाला तर पाय दुमडता येतात. पण दुमडणाऱ्याला आधी कळायला हवं ना, कोण येतंय ते? "माझ्या बिलात एक चूक राहिली आहे. वर्षाच्या आतलं मूल मोजायचं नाही, असं म्हटलंय. का? ते श्वास घेत नाही? मी स्वतःच दुरुस्ती मांडतो. जो जो बरोबर येतोय, तो मोजायचा. तान्हं असो, म्हातारं असो, सांगायची लाज वाटणारं असो. न मोजता आणलेलं माणूस प्रवासभर अंग चोरून बसतं. त्याला कोणी ये म्हणत नाही, कारण ते आलंय हेच कोणाला सांगितलेलं नसतं."

हे बाथरूममध्ये नव्हतं! आणि बोलताना तो सभापतींकडे नाही, माझ्याकडे बघत होता.

इतक्यात स्मृती उठली. तिचं तीन महिन्यांचं बाळ खांद्यावर झोपलेलं, मोठी चार वर्षांची पोरगी पदराला धरून. नवीनच आहे ती, मंडळात कधी बोलत नाही. म्हणाली, "मंत्रिमहोदय, मंडळातही पाच वर्षांखालच्यांना जेवणाचं कुपन नसतं. माझी ही मुलगी दर कार्यक्रमाला माझ्या ताटात जेवते. मग मी घरी जाऊन पोहे करते." बायकांच्या बाजूने एकच गलका! किती वर्षं पोरं आयांच्याच ताटात जेवतायत, आणि घरी गेल्यावर पोहे फक्त स्मृतीच करत नव्हती! गिरीश हात जोडून म्हणाला, "हे विषयपत्रिकेवर नाही हो —" बत्ता! "अध्यक्षांनी खाली बसायचं!"

माझं उत्तराचं भाषण होतं. उठले. काय बोलायचं होतं ते आठवत होतं, अगदी शब्द न् शब्द. पण स्मृतीच्या पोरीने माझ्याकडे बघून वड्याचा तुकडा पुढे केला. मी माझी खुर्ची उचलली, चालत पलीकडे गेले आणि अशोकच्या शेजारी मांडली. "जहाजमालकांचा दुरुस्तीला पाठिंबा!" आमचे लोक ओरडतायत, फितूर, फितूर! अशोकने खुर्ची सरकवून जागा केली. बिल दुरुस्तीसकट मंजूर. कुपनंही मंजूर — पुढच्या वेळेपासून, तान्ह्यांसकट!

स्मृतीच्या बाळाला बासुंदीचं कुपन मिळणार, ती बासुंदी आपण स्वतः खाणार म्हणाली. जेवण सत्तरांचं शंभरांना पुरलं, कसं ते डाएटिशियन म्हणून मी सांगू शकत नाही. घरी येताना गाडीत सगळी गाणी बेसूर म्हटली.

८ डिसेंबर, रविवार

आज अशोकला गाठलं. ती दुरुस्ती तुला ऐनवेळी कशी सुचली? आणि माझ्याकडे काय बघत होतास?

तो पलंगावर बसला. त्या डबल बेडवर, दोन उशांच्या मध्ये. "बाबांनी मला शपथ घातली आहे. पण परवा भर सभेत बोललोच आहे, तर आता काय. बाबांना फोन कर. विचार, किती तिकिटं काढायची."

"किती म्हणजे? एक."

त्याने दुसरी उशी उचलून माझ्या हातात दिली.

घावन. खोकला. डासांची बॅट — दापोलीच्या आमच्या घरात कधी नव्हतीच ती! 'खोली केवढी आहे गं तुमची?' आणि मी आनंदाने सांगितलं, एका माणसाला पुरेल.

सप्टेंबरातच रजिस्टर लग्न झालंय. बाबा आणि कुमुदताई! सही करायला शाळेतले तीन मास्तर. व्हिसाचं विचारायला म्हणून त्यांनी अशोकला सांगितलं, आणि मला सांगायचा धीर मात्र होईना. "वीणाला आईची आठवण येईल. तिला वाईट वाटेल. मी एकटाच येतो, नाहीतर येतच नाही," असं त्यांचं दर आठवड्याला बदलत होतं म्हणे. आणि हा बिचारा उशा मांडत बसलेला!

खूप राग आला. मला नाही सांगितलं? मला? मी काय कोणी परकी आहे? मग हसू आलं, कारण बाबा सहीसाठी कसा कडक इस्त्रीचा सदरा घालून गेले असतील ते दिसलं. मग आई आठवली आणि रडू आलं. तिच्या जागी कोणी, असं मनात आलंच. ते खोडत नाही. आलं तर आलं. मग त्या घराच्या ओट्यावर बसून एकटाच चहा ओतणारा माणूस आठवला, गेल्या उन्हाळ्यातला. दोन कप काढायचा आणि एक परत ठेवायचा.

अशोक विचारतो, रागावलीस? म्हटलं, गप्प बस, मंत्र्या. आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून बसून राहिले. उद्या फोन करते. आज काय बोलावं ते सुचत नाही.

९ डिसेंबर, सोमवार

फोन कुमुदताईंनीच उचलला. चुकून असणार, कारण एकदम घाबरून म्हणाल्या, "मी आपली सहज आले होते हो. बाबा अंघोळीला गेलेत, सांगते त्यांना."

म्हटलं, नको, तुम्हालाच विचारायचं होतं. पलंग एका बाजूने भिंतीला लावलाय, दुसऱ्या बाजूला खिडकी. तुम्ही दोघं झोपणार कसे, ते सांगा, तशी पांघरुणं ठेवते.

खुर्ची ओढून बसल्याचा आवाज आला. मग अगदी हळू आवाजात त्या म्हणाल्या, "त्यांना भिंतीकडची बाजू लागते गं."

घरात पाहुण्यांची अंथरुणं घालताना आईसुद्धा हेच सांगायची.